फळीवर मारलेला ठसा

“...बरं, मग मारू कुठं?” हिंदुराव वस्तादांनी विचारलं.

त्यांच्या एका हातात हातोडी होती, दुसऱ्या हातात ठसा.

“हितं,” धैर्यशील म्हणाला, आणि त्याने मोटरसायकलच्या टाकीवर बोट ठेवलं. “अगदी मधी. माणसाची नजर पहिल्यांदा हितंच पडती.”

वस्तादांनी टाकीकडे बघितलं, पण हातोडी उचलली नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्याला गाडीतलं थोडंफार कळतं, त्याला हा ठसा ठाऊक आहे. बोटभर लांबीचा पोलादी तुकडा आणि टोकाला ‘हिं’ एवढं एकच अक्षर. शिष्याने बांधलेली गाडी वस्तादांच्या मनाला उतरली की ते तिच्यावर हा ठसा मारत. ठसा मिळाला की शिष्य सुटा झाला, त्याने आपलं दुकान काढावं, असा गल्लीचा रिवाज. ठसा नसलेल्याचं दुकान कुणी बंद पाडत नसे, पण चांगली गाडी त्याच्या हवाली कुणी करत नसे.

धैर्यशीलने गाळा घेतला होता. दसऱ्याला कुलूप उघडायचं, ही काळी मोटरसायकल हार घालून दारात उभी करायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला टाकीवरचा ठसा दाखवायचा, असं त्याने मनात पक्कं केलं होतं. रंगाऱ्याला बोर्डही सांगून झाला होता. गडी हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

“टाकीला काय झालं, वस्ताद?”

“काय न्हाई. टाकी चांगली हाय.”

“मग?”

“टाकी कंपनीनं केलीय. इंजिन कंपनीचं. चौकटीलाबी तू हात लावला न्हाईस, ते बरं केलंस. तू काय केलंयस ते दाखव.”

धैर्यशील गाडीला वळसा घालून मागे गेला. त्याने जे केलं होतं ते इथेच होतं. लांब सीट कापून आखूड केली होती. मडगार्ड काढून टाकला होता. सीट संपली की नुसतं चाक, रुंद, काळं, उघडं.

“आख्खं चाक दिसतंय बघा. कुठं काय लोंबकळत न्हाई. कोल्हापुरात अशी दुसरी न्हाई.”

“आणि ही अशीच पासिंगला नेणार तू?”

धैर्यशील हसला. या प्रश्नाची तो सकाळपासून वाट बघत होता.

इथे थोडं सांगायला हवं. जुन्या गाडीच्या नोंदणीची मुदत संपली की ती पुन्हा तपासून घ्यावी लागते. त्याला सगळे पासिंग म्हणतात. तपासणारा माणूस गाडीच्या मागे हमखास वाकतो, कारण हौशी मंडळींची करवत आधी तिथेच चालते. मडगार्ड, लाल दिवा, रिफ्लेक्टर, इंडिकेटर, सरळ उभी नंबरप्लेट, मागे बसणाऱ्याला धरायचा दांडा, पदर चाकात जाऊ नये म्हणून साडीगार्ड... गाडी देखणी करायची म्हणून हे सगळं भंगारात जातं, आणि पासिंग जवळ आलं की शोधाशोध सुरू होते.

त्या गल्लीत तर एक मडगार्ड असा होता, जो कुणाचाच नव्हता आणि सगळ्यांचा होता. ज्याची तपासणी असेल त्याने तो मागून न्यायचा, लावायचा, गाडी पास करून आणायची आणि पुढच्याच्या हातात द्यायचा. तो इतक्या वेळा पास झाला होता, की एकटा गेला असता तरी त्याला सही मिळाली असती.

धैर्यशीलला त्या मडगार्डाचा तिटकारा होता. मागून आणलेल्या पत्र्यावर आपली गाडी पास करून घेणं त्याला कमीपणाचं वाटे. म्हणून त्याने आपलं डोकं चालवलं होतं.

वस्तादांच्या गॅरेजच्या भिंतीला लाकडी फळी होती. तिच्यावरून त्याने गाडीचं अख्खं मागचं अंग उचललं. मडगार्ड, दिवा, नंबरप्लेट, दांडा, साडीगार्ड, सगळं एकाच सांगाड्यावर बसवलेलं. सीटखाली त्याने ते सरकवलं, एक खिटी दाबली, वायर जोडली. लाल दिवा लागला.

“आता बघा.”

त्याने खिटी ओढली. अख्खं मागचं अंग पुन्हा त्याच्या हातात आलं.

“लावायला वेळ न्हाई, काढायला वेळ न्हाई. आणि सगळं नियमात. मोजपट्टी लावून बघा.”

वस्तादांनी खरंच मोजपट्टी लावली. नंबरप्लेटची उंची बघितली, दिवा बघितला, रिफ्लेक्टर अंगठ्याने पुसून बघितला. कुठेही कसर नव्हती.

“काम चोख हाय,” ते म्हणाले.

धैर्यशीलची छाती फुगली. वस्ताद असं सहसा बोलत नसत.

“म्हंजे पासिंगच्या दिवशी हे लागणार?”

“व्हय.”

“आणि बाकीच्या दिवशी?”

“फळीवर.”

“कायम?”

“कायम. पासिंग काय रोज असतंय व्हय?”

वस्तादांनी मान डोलावली. मग ठसा बोटांत फिरवला.

“माझा ठसा मागच्या अंगावर असतो. तुला ठाऊक हाय न्हवं?”

“ठाऊक हाय. पण मला वाटलं, ह्या वक्ताला...”

“मागचं अंग कुठं असतंय म्हणालास?”

“फळीवर.”

वस्ताद उठले. फळीपाशी गेले. तिच्या कडेवर त्यांनी ठसा टेकवला, नीट बघून सरळ केला आणि हातोडी उचलली.

एकच घाव. फळीवरचे नटबोल्ट थडथडले. जुन्या सागवानात ‘हिं’ स्वच्छ उमटला.

“झालं,” वस्ताद म्हणाले. “दसऱ्याला फळी घिऊन जा.”

दारात चहा पीत उभे असलेले दोघे हसले. एकाला तर ठसका लागला.

धैर्यशीलचे कान तापले.

“चारचौघांत माझी चेष्टा केलासा, वस्ताद.”

“ठसा मी चेष्टेत मारत न्हाई.”

“मग ह्याला काय म्हणायचं?”

“तू जागा सांगितलीस. मी मारला.”

“मागं बघतंय कोण, वस्ताद? लोक गाडी पुढनं बघत्यात.”

“पुढनं येतोस तवा तू किती वेळ दिसतोस?”

धैर्यशील हँडलकडे वळला.

“आणि निघून गेल्यावर लोकांना काय दिसतं तुझं?”

“धूळ,” तो चिडून म्हणाला.

“मग धुळीवर मारू?”

त्याने मागचं अंग काखेत मारलं, गाडीला किक मारली आणि तो गल्लीतून असा निघाला, की धूळ खरंच उडाली.

एखाद्या पोथीत शिष्य इथे गुरूच्या पाया पडला असता. धैर्यशील पाया वगैरे काही पडला नाही. घरी जाऊन त्याने जेवण नको म्हणून सांगितलं, विनाकारण आईवर राग काढला, आणि ठशाशिवायच गाळा उघडायचा असं ठरवून टाकलं. म्हाताऱ्याला आता नवीन काही बघवत नाही, असंही तो दोघातिघांना म्हणाला. ते वस्तादांच्या कानावर गेलं. वस्ताद म्हणाले, असेल.

मग एका सकाळी तो ते मागचं अंग अंगणात ठेवून बघत बसला. मोडीत घालावं असा विचार होता.

बघता बघता त्याच्या लक्षात आलं, की ते फार कुरूप आहे.

माप बरोबर होतं. पण पत्रा जिथे दुमडला होता तिथे कड कानशीने घासलेली नव्हती. साडीगार्ड म्हणजे नुसती जाळी, कोंबड्यांच्या खुराड्याला लावावी तशी. तपासणारा नियम बघणार, रूप कशाला बघतोय, म्हणून त्याने हे उरकलं होतं. हे कुणी केलं असं रस्त्यात कुणी विचारलं असतं, तर धैर्यशीलने दुसऱ्याचं नाव सांगितलं असतं.

हे त्याला फार लागलं. फळीवरचा ठसा लागला होता त्याहून जास्त.

“आई,” त्याने हाक मारली. “जरा गाडीवर बस.”

आई पदराला हात पुसत बाहेर आली. तिने गाडीकडे बघितलं.

“हिच्यावर? हिच्यात माझी जागा कुठाय?”

मुलाने गाडी बांधून महिने झाले होते. घरचं माणूस अजून तिच्यावर बसलं नव्हतं. बसायला जागाच ठेवली नव्हती.

त्याने दुसरी लांब सीट शोधून आणली, पत्र्याच्या डब्यांचा टेकू देऊन ठेवली आणि आईला एका बाजूला पाय सोडून बसवलं. तिची टाच कुठे येते, पदर कुठवर लोंबतो, हात आपोआप कुठे धरायला जातो, हे सगळं तो वाकून बघत राहिला. आई हसत होती. शेजारीण विचारायला आली तेव्हा आई म्हणाली, “पोरगा माझं माप घ्यायलाय.”

त्यानंतर त्याने जे काम केलं ते रागातच केलं. भक्ती त्यात नव्हती. आता बोलून दाखवा म्हणावं, एवढंच डोक्यात होतं. पण काही माणसांच्या हातून रागात चांगलं काम होतं, आणि तो त्यांच्यातला होता.

मडगार्डचा पत्रा त्याने वाळूच्या पोत्यावर ठोकून ठोकून चाकाच्या गोलाईत आणला. लांब सीट आणि धरायचा दांडा पक्के बसवले. सीटची रेघ जिथे संपत होती तिथूनच मडगार्डची रेघ निघाली आणि खाली नंबरप्लेटपर्यंत गेली, मध्ये कुठे अडखळली नाही. लाल दिवा त्याच रेघेत बसवला, रिफ्लेक्टर त्याच्या खाली. साडीगार्डसाठी बारीक सळया तापवून वाकवल्या. आईच्या लुगड्याच्या काठावर जशा कोयऱ्या होत्या तशा कोयऱ्या, एकीत एक अडकलेल्या. त्यातून बोट आत गेलं नसतं आणि वाराही अडला नसता.

खिटीची भोकं त्याने वेल्डिंगने बुजवली, घासली आणि वर रंग मारला.

रंग वाळल्यावर तो मागे सरकून उभा राहिला. गाडी आता त्याला मागूनच बघावीशी वाटत होती. पुढून तर ती सगळ्यांच्या गाड्यांसारखी होती.

गाडी घेऊन तो गल्लीत आला तेव्हा वस्ताद दारात खुर्ची टाकून बसले होते.

“आता बोला,” तो म्हणाला. नमस्कार केला नाही.

वस्ताद उठले. गाडीच्या मागे जाऊन उकिडवे बसले. बराच वेळ बसले...

“ब्रेक दाब.”

दिवा लागला.

“सोड.”

विझला.

त्यांनी साडीगार्डवरून हात फिरवला. कोयरीच्या टोकाशी बोट थांबलं. तिथे धैर्यशीलने कड गोल घासली होती, आईच्या पायाला लागू नये म्हणून. वस्तादांनी बोट तिथेच दोनदा फिरवलं.

“खिटी?”

“बुजवली.”

“हं.”

धैर्यशील वाट बघत राहिला. हातोडी कोपऱ्यात होती. ठसा वस्तादांच्या खिशात असायचा हे त्याला ठाऊक होतं.

वस्ताद गुडघ्यावर हात देऊन उठले. “पासिंग कधी हाय?”

“उद्या.”

“मी येतो.”

“आणि ठसा?”

“उद्या येतो म्हटलं न्हवं.”

धैर्यशीलला वाटलं, म्हातारा अजून अडून बसलाय. पास होऊन येऊ दे, मग बघू असं म्हणतोय. म्हणजे त्याला आपल्यापेक्षा सरकारी सही मोठी वाटते. ही गोष्ट त्याला फार झोंबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्ताद परीटघडीचं धोतर नेसून आले. डोक्याला फेटा होता. फेटा ते सणालाच बांधत.

धैर्यशीलने गाडी सुरू केली. रिक्षा बोलवू का, असं तो विचारणार होता. इतक्यात वस्तादांनी धोतराचा सोगा आवरला, दांड्याला हात घातला आणि ते मागे बसले. एका बाजूला पाय सोडून, त्याची आई बसली होती तसे.

गल्लीतली लेथ थांबली. समोरच्या दुकानातला माणूस हातातला पाना तसाच धरून बाहेर आला.

वस्तादांना कुणाच्या मागे बसलेलं त्या गल्लीने कधी पाहिलं नव्हतं. ते स्वतः चालवत, नाहीतर चालत जात. आजारी पडले तेव्हा दवाखान्यातही चालत गेले होते. दुसऱ्याच्या गाडीवर मागे बसायचं म्हणजे त्याच्या कामावर जीव टाकायचा, आणि तसं काम आपण अजून बघितलं नाही, असं ते तोंडावर सांगत.

“वस्ताद... दोन्हीकडं पाय टाकून बसा की.”

“का? पडीन?”

“न्हाई.”

“धोतर चाकात जाईल?”

धैर्यशीलने क्षणभर विचार केला. “न्हाई,” तो म्हणाला.

“मग चल.”

तो इतका सावकाश निघाला, की गल्लीतली पोरंटोरंही पुढे गेली.

तपासणीच्या मैदानावर गाड्यांची रांग होती. तपासणाऱ्या मॅडम होत्या. खाकी वेष, डोळ्यांवर चष्मा आणि सकाळपासून उन्हात उभं राहून वैतागलेला चेहरा. धैर्यशीलने सवयीने पहाटे टाकी चकाचक पुसली होती. मॅडमनी टाकीकडे बघितलंसुद्धा नाही. त्या सरळ मागे गेल्या.

वाकल्या. मडगार्ड हाताने धरला आणि जोरात हिसडा दिला.

तो हलला नाही.

त्यांनी सीटखाली बोटं घालून चाचपलं. “खिटी कुठे आहे?”

“खिटी न्हाई, मॅडम.”

“अशा गाड्यांना असते.”

“हिलाबी हुती. बुजवली.”

मॅडमनी मान वर केली. “का?”

धैर्यशीलने वस्तादांकडे बघितलं. वस्ताद दुसरीकडे, कुंपणाच्या झाडाकडे बघत होते. उत्तर त्याचं त्यालाच द्यायचं होतं.

“हे काढलं तर गाडी अर्धी दिसती,” तो म्हणाला.

मॅडमनी ब्रेक दाबायला लावला. इंडिकेटर बघितले. नंबरप्लेटवर हात ठेवून तीही हलवून बघितली. मग साडीगार्डपाशी थांबल्या. इतर गाड्यांपाशी त्या इतक्या थांबल्या नव्हत्या.

“हा कुठे मिळाला?”

“मिळत न्हाई. केला.”

“तुम्ही?”

“व्हय. मीच केला.” ताठ उभा राहून त्याने हे सांगितलं. “आईच्या मापानं.”

मॅडमनी सही केली आणि त्या पुढच्या गाडीकडे वळल्या. चार पावलं गेल्यावर त्यांनी एकदा वळून बघितलं. तिथून मागचीच बाजू दिसत होती.

गाडी फाटकाबाहेर आणून धैर्यशीलने उभी केली. त्याला आता दम निघत नव्हता.

“झाली पास, वस्ताद.”

“बघितलं.”

“सरकारची सही मिळाली. आता तरी ठसा मारा. दसरा तोंडावर आलाय. गाळ्यात येणारा माणूस पहिल्यांदा ठसाच बघणार. तो नसला तर मला कोण विचारणार?”

वस्तादांनी खिशात हात घातला. ठसा बाहेर काढला, तळहातावर ठेवून बघितला...

मग तो परत खिशात टाकला.

“वस्ताद,” धैर्यशील म्हणाला. डोळे भरून आले होते. हा माणूस आपल्याला सुटा करणारच नाही, असं त्याला त्या क्षणी खरोखर वाटलं. “अजून काय ऱ्हायलंय? सांगा की. तेबी करतो.”

वस्तादांनी फेटा सारखा केला. धोतराचा सोगा आवरला. दांड्याला हात घालून ते पुन्हा मागे बसले, एका बाजूला पाय सोडून, ऐसपैस.

“मी बसलोय की मागं,” ते म्हणाले. “गर्दीच्या रस्त्यानं घे.”